पाणीवाल्याच्या घरातलं झाड

चौतीस वर्षं मी अम्मानमध्ये पाण्याचा टँकर चालवला. अश्रफिया वस्तीचा असा एक चढ नाही जिथे मी टँकर उलटा चढवला नाही, आणि अशी गच्ची नाही जिथली टाकी मी भरली नाही. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. बाकीचे सहा दिवस लोक माझी वाट बघायचे. माझ्यापुढे तीन पेले ठेवा, कुठलं पाणी कोणत्या विहिरीचं ते एका घोटात सांगतो. ही बढाई नाही. बरं, बढाईच आहे. पण माणसाला एक तरी गोष्ट धड यावी आणि ती त्यानं चारचौघांत सांगावी, त्यात काय वाईट आहे?

तर अशा माणसाची बायको साठाव्या वर्षी पाण्यावरून घर सोडून गेली.

त्याचं असं झालं, की गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सप्टेंबरात मी टँकर पुतण्याच्या हवाली केला आणि घरी बसलो. घरी बसल्यावर घर दिसायला लागलं. मसाल्याचे डबे चुकीच्या फळीवर, चपला चुकीच्या दाराशी. मी एकेक गोष्ट सुधारायला घेतली.  फिरयाल, म्हणजे माझी बायको, ओठ घट्ट मिटून डबे परत होते तिथे ठेवायची आणि मी परत हलवायचो. नोव्हेंबर संपता संपता मी न्हाणीघरातलं वॉशिंग मशीन पुढे ओढलं, तर मागे बाटल्या. सरबताच्या, कोल्ड्रिंकच्या, मिळून एकोणीस. प्रत्येकीत काठोकाठ पाणी, झाकणं गच्च.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाणी."

"ते मला दिसतंय. डोळे आहेत मला. पण पाणीवाल्याच्या घरात चोरून पाणी साठवायचं? कुणी बघितलं तर म्हणेल, अबू मुहन्नदनं जगाला पाणी पाजलं आणि बायकोला तहानेनं मारलं."

"राहू द्या. मला लागतं ते."

"शिळं पाणी कशाला लागतं तुला?"

आणि मी एकेक झाकण उघडून मोरीत ओतायला लागलो. ती दोनदा म्हणाली, "थांबा." दुसऱ्यांदा तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली. पण पालथ्या घड्यावर पाणी, असं माझी आईच माझ्याबद्दल म्हणायची, तिथे बायकोची काय कथा. एकोणीसच्या एकोणीस रिकाम्या केल्या, वर त्या चेपून पिशवीत भरल्या.

फिरयालनं भांडण केलं नाही. तिनं बॅग भरली. तिचा भाऊ शाकिर साल्त गावाहून गाडी घेऊन आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही रुसून माहेरी चाललीय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दारात थांबून तिनं बैठकीच्या कोपऱ्यातल्या कुंडीकडे बोट दाखवलं.

"चाळीस वर्षं माझं ऐकलं नाहीत. आता त्याचं ऐका. ते मेलं तर मला न्यायला येऊ नका."

ते म्हणजे झाड. फिरयाल शाळेत कारकून होती. सहा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली तेव्हा शाळेतल्या मुलींनी वर्गणी काढून दिलेलं. नाव कॅलेथिया. फूल नाही, फळ नाही, नुसती पानं. पण पानं अशी, की हिरव्यावर फिकट हिरव्या रंगाचे फराटे कुणी हातानं काढावेत, आणि खालची बाजू जांभळी. सकाळी पानं आडवी पसरलेली असतात आणि संध्याकाळ झाली की उभी राहून जवळ येतात, दुआ मागायला हात उचलावेत तशी. फिरयाल म्हणायची, "बघा, तुमच्याआधी हिची मगरिबची नमाज झाली." मी त्या झाडाला बाईसाहेब म्हणायचो. अजमोदा लावली असती तर निदान तबुलेच्या कोशिंबिरीत घालून खाता आली असती, असंही म्हणायचो.

आमच्याकडे रुसलेल्या बायकोला आणायचं म्हणजे नुसतं जाऊन घंटी वाजवून चालत नाही. चार वजनदार माणसं बरोबर घ्यायची, तिच्या माहेरच्या बैठकीत बसायचं. कॉफी येते. पेला समोर ठेवायचा, पण ओठाला लावायचा नाही. मंडळींतला बोलणारा म्हणतो, आमची मागणी मान्य करा मगच कॉफी पिऊ. घरचा कर्ता म्हणतो, कॉफी घ्या, तुमची मागणी मान्य. मग सगळे पितात. या मंडळीला जाहा म्हणतात, आणि आवाज भारदस्त म्हणून अशा किती तरी जाहांमध्ये बोलणारा मी होतो. दुसऱ्यांच्या बायका मी कुठून कुठून आणून दिल्यात. आता माझीच गेली, आणि तिला आणायचं तर आधी झाड जगवायचं.

त्यात काय अवघड, असं मला वाटलं. झाडाला लागतं काय? पाणी. आणि पाणी मला कळतं.

पुतण्याला फोन करून शहराबाहेरच्या सगळ्यात चांगल्या विहिरीचं पाणी मागवलं. जड पाणी, घोट घेतला की दातांना कळावं असं. कुंडीत तांब्याभर ओतलं. मग वाटलं, कोपऱ्यात बिचारीला ऊन मिळत नाही. उचलून दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. तीन दिवसांत रंग विटला. म्हटलं थंडी वाजत असेल. डिसेंबर सुरू झाला होता. हीटरच्या शेजारी ठेवली. पानांवर धूळ दिसली तेव्हा आमच्याच शेतातलं पहिल्या घाण्याचं जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल कापसावर घेऊन प्रत्येक पान चोळलं. आमच्याकडे बाळाची छाती भरली तर तेल, कान दुखला तर तेल, दाराची बिजागरी कुरकुरली तरी तेच तेल. पानं अशी चमकली की मीच म्हणालो, माशाल्ला.

आठवड्यात कडा तपकिरी झाल्या. मग पानं सुरळीसारखी आत वळली. आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की बाईसाहेब उभ्या राहिल्याच नाहीत. सगळी पानं होती तशी लोंबत होती. मगरिबची अजान झाली, मी नमाज पढून आलो, तरी तशीच.

दर शुक्रवारी शाकिरचा फोन यायचा. "फिरयाल विचारतेय, झाड कसं आहे?"

"उत्तम," मी म्हणायचो. "तिला म्हणावं, असं ते तिच्या हाताखाली कधी नव्हतं."

हे तसं खरंच होतं.

शेवटी मी कपाट उघडलं. माझ्या बहिणीनं हजहून आणलेलं जमजमचं पाणी तिथे होतं, लहानशी कॅन, आजारपणासाठी जपून ठेवलेली. मुहन्नद, आमचा मुलगा, आता दोहाला असतो. तो लहानपणी तापानं फणफणला होता तेव्हा असंच जमजम चमच्या चमच्यानं पाजलं होतं. मी बिस्मिल्ला म्हणून रोज सकाळी कॉफीचा एक पेला भरून कुंडीत घालायला लागलो. घालताना दुआ मागायचो, आणि खरं सांगतो, दुआ झाडासाठी नव्हती. घरात इतकी शांतता होती की फ्रीज बंद-चालू झालेला कळायचा. डबे मी ठेवले होते त्याच फळीवर होते. कुणी हलवत नव्हतं.

दहा दिवसांत कॅन संपली आणि पानं करपलेल्या भाकरीसारखी झाली. अकरा पानं होती, त्यांतली पाच गळाली. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुंडी ब्लँकेटमध्ये गुंडाळून पिकअपमध्ये ठेवली आणि कराबेतकडे गेलो.

कराबेत आर्मेनियन, सत्तरीचा, स्वैलेहच्या रस्त्यावर त्याची नर्सरी. बावीस वर्षं मी त्याच्याकडे टँकर ओतलाय. त्यानं चष्मा लावला, पानावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"हे काय रे? सॅलड केलंस?"

"जैतुनाचं तेल आहे. पहिल्या घाण्याचं."

"मग लिंबू का नाही पिळलंस? अरे, पान श्वास घेतं. तू त्याच्या नाकात तेल भरलंस. ठेवलं कुठे होतंस?"

मी सांगितलं. खिडकी, मग हीटर. तो प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचा.

"आणि पाणी?"

इथे मी जरा ताठ झालो. "पाणी सांगू नकोस मला. चांगल्यातल्या चांगल्या विहिरीचं. आणि शेवटचे दहा दिवस जमजम."

 कराबेत हळू आवाजात म्हणाला, "जमजम तुमचं पवित्र पाणी आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. माणसानं ते प्यावं. पण क्षार त्यातही आहेत, आणि तुझ्या विहिरीच्या पाण्यात तर विचारू नकोस. घरच्या किटलीत आत कधी बघितलंयस?"

बघितलं होतं. पांढरा थर, नखानं खरवडला तर निघत नाही.

"तोच याच्या मुळांशी बसलाय. हे झाड रानातलं, जिथे रोज पाऊस पडतो तिथलं. याला पावसाचं पाणी लागतं. हलकं, काही नसलेलं."

"पण तुझी झाडं तर बावीस वर्षं माझ्याच पाण्यावर—"

"बाहेरची. जैतून, कण्हेर, रोझमेरी. त्यांना काही होत नाही. आतल्या खोलीतल्या झाडांना तुझ्या टँकरचा एक थेंब मी कधी दिलेला नाही." त्यानं छताकडे बोट दाखवलं. वर निळी पिंपं होती, पन्हाळीखाली लावलेली. बावीस वर्षं मी ती बघत होतो आणि मला वाटायचं ती रिकामी आहेत. "आणि मला काय विचारतोस? तुझ्या बायकोला विचार. सहा वर्षांपूर्वी हेच झाड घेऊन आली होती, कडा अशाच जळलेल्या. मीच तिला म्हटलं, पावसाळ्यात बाटल्या भरून ठेव, वर्षभर पुरवून वापर."

एका पालथ्या कुंडीवर मी बसलो. एकोणीस बाटल्या माझ्या डोळ्यांपुढे मोरीत गडगड वाजत रिकाम्या होत होत्या, आणि माझ्या हातावर तिचा हात होता. मला माझीच लाज वाटली. कराबेतनं चहा पुढे केला, तो मी बाजूला ठेवला.

"मग मला का नाही सांगितलं तिनं? सहा वर्षं?"

"ते तिलाच विचार," तो म्हणाला आणि कात्री घेऊन आला.

मेलेली पानं त्यानं कापली. उरलेली साबणाच्या पाण्यानं एकेक करून पुसली, माती बदलली. तीन पानं राहिली. पिंपाच्या तळाशी गेल्या वर्षीचं जे थोडं होतं, त्यातली एक बाटली भरून दिली. "हीटरपासून लांब, उन्हात नाही, शेजारी पाण्याचं पातेलं ठेव म्हणजे हवा ओलसर राहील. आणि बोटानं माती चाचप. वरची कोरडी झाली तरच पाणी. तांब्या नाही, अर्धा पेला."

"आणि ही बाटली संपली की?"

"पाऊस पडला तर वाचेल," कराबेत म्हणाला.

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातच पडतो, आणि त्या वर्षी तो रुसला होता. जानेवारी अर्धा उलटला तरी आकाश कोरडं. मी गच्चीवर तीन टब, दोन पातेली आणि मुहन्नदची लहानपणची आंघोळीची परात मांडून ठेवली. खालच्या मजल्यावरची उम्म तलाल जिन्यात भेटली.

"काय अबू मुहन्नद, टँकर सुटला आणि ढगांशी धंदा सुरू केलात वाटतं?"

"हो. तुमच्यासाठी एक टाकी राखून ठेवू का?"

"राहू दे. त्यापेक्षा बायकोला घेऊन या. तुमच्या स्वयंपाकाचा वास जिन्यात येतो, मुलं रडतात."

मशिदीत त्या शुक्रवारी पावसासाठी नमाज झाली. शेतांसाठी, धरणांसाठी, गुरांसाठी लोकांनी हात उचलले. मी पण उचलले. शेतं माझ्या मनात होती, नाही असं नाही, पण त्यांच्या आधी एक कुंडी होती. मी रोज सकाळी तिची माती चाचपायचो आणि बाटलीत किती उरलंय ते बघायचो. चार बोटं. तीन. दोन. शाकिरचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा "उत्तम" म्हणालो नाही. "आजारी आहे," म्हणालो, "तिला सांग, मी बघतोय." पलीकडे कुजबुज झाली आणि फोन ठेवला गेला.

मंगळवारी दुपारी मसुराचं सूप चुलीवर होतं आणि पत्र्यावर टपटप वाजलं. सूप तसंच सोडून मी गच्चीवर पळालो, गुडघे वगैरे सगळं विसरून. पहिलं पाणी टबांत गच्चीची धूळ घेऊन आलं, ते ओतून दिलं आणि भांडी परत लावली. तासभर भिजत उभा राहिलो. एक घोट घेऊनही बघितला. चवच नाही. जिभेला काही लागतच नाही. ज्या पाण्याला चव नाही त्याला चौतीस वर्षं मी पाणीच मानलं नव्हतं.

खाली आणून, लबने, म्हणजे दह्याचा चक्का, टांगायच्या फडक्यातून ते गाळलं. वाण्याकडून रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. एकोणीस भराव्यात अशी फार इच्छा होती, पण अकरा भरल्या आणि पाऊस थांबला.

आठ दिवस अर्धा अर्धा पेला पाणी, पातेल्याची वाफ, आणि मी. कधी बोलायचो पण बाईसाहेबांशी. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. नवव्या दिवशी संध्याकाळी नमाजेहून आलो, दिवा लावला, तर तिन्ही पानं उभी होती. अगदी सरळ नाही, म्हाताऱ्या माणसानं हात उचलावेत तशी, पण उभी. आणि मधोमध बोटभर लांबीचं काहीतरी हिरवं, गुंडाळलेलं. मी तिथेच खुर्चीवर बसून रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी साल्तला निघालो. जाहा नेली नाही. कुणाला बरोबर घेऊन काय सांगणार होतो? झाडही नेलं नाही. कराबेतनं बजावलं होतं, थंडीत बाहेर काढलंस तर माझ्याकडे येऊ नकोस. फक्त अकरांतल्या उरलेल्या दहा बाटल्या दोन पिशव्यांत भरल्या आणि शाकिरच्या त्या दगडी पायऱ्या चढलो, सत्तेचाळीस आहेत, मधे दोनदा टेकून.

शाकिरनं बैठकीत बसवलं. कॉफी आली. मी पेला समोर ठेवला आणि हात मांडीवर. मग माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे भाषणच नाही. दुसऱ्यांच्या बायकांसाठी मी आयती भाषणं करायचो, वाडवडिलांची नावं घ्यायचो, समोरचा गहिवरायचा. आता नुसता घसा खाकरला.

फिरयाल आतल्या दारात येऊन उभी राहिली. हाताची घडी. दोन महिन्यांत बारीक झाली होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "तू थांबा म्हणालीस आणि मी थांबलो नाही. माहीत नव्हतं हे काही कारण नाही, थांबायला हवं होतं. शुक्रवारी उत्तम आहे म्हणायचो ते खोटं होतं. मी त्याला तेल लावलं, भाजलं, वर जमजम पाजलं. कराबेतनं वाचवलं. हे पावसाचं आहे. दहाच आहेत."

ती पुढे आली. एक बाटली उचलली, झाकण काढलं, वास घेतला.

"लबनेच्या फडक्यातून गाळलंत?"

"हो."

"फडकं उकळून घेतलं नव्हतंत."

"नाही."

"ताकाचा वास येतोय." तिनं झाकण लावलं. "किती पानं राहिली?"

"तीन. आणि एक गुंडाळलेलं आहे. अजून उघडलं नाही." मग मला राहवलं नाही. "फिरयाल, सहा वर्षं तू मला का नाही सांगितलंस?"

ती बाटलीकडे बघत राहिली. "तुम्ही पहाटे उठून, हिमात, त्या चढांवर टँकर न्यायचात. लोकांच्या टाक्या भरून रात्री यायचात, तेव्हा तुमची बोटं वळत नसायची. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते, की तुमचं पाणी आपल्याच घरातल्या झाडाला सोसत नाही? म्हणून मशीनमागे ठेवायचे."

मला मान वर करता येईना. ज्या पाण्याचा मी गर्व केला, त्याचा मान राखायला ही बाई सहा वर्षं बाटल्या लपवत होती, आणि मी तिला विचारलं होतं, शिळं पाणी कशाला लागतं तुला.

शाकिर घरचा कर्ता. बोलायचं त्यानं असतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला, सरसावून बसला, तोंड उघडलं. पण फिरयाल त्याच्या आधी बोलली.

"कॉफी घ्या," ती मला म्हणाली. "गार होतेय. आणि ते मसाल्याचे डबे कुठल्या फळीवर आहेत आत्ता?"

"तू सांगशील त्या," मी म्हणालो आणि पेला उचलला. कॉफी पार गार झाली होती. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.